आगगाडीतील साक्ष : मराठी ख्रिस्ती गद्यातील एका वाङ्मयीन प्रश्नाची मीमांसा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ख्रिस्ती गद्याला जे स्थान दिले आहे ते बहुतांशी पहिलेपणाचे आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही पहिली मराठी कादंबरी म्हणून महत्त्वाची, त्यांचा ‘अरुणोदय’ (१८८८) आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक म्हणून उल्लेखनीय, आणि १८४२ मध्ये अहमदनगर येथे निघालेला ‘ज्ञानोदय’ आद्य नियतकालिकांपैकी एक म्हणून आदरणीय, अशी ही मांडणी आहे. अ. का. प्रियोळकर, गंगाधर मोरजे यांच्यासारख्या संशोधकांनी या वाङ्मयाची साधने अतिशय चिकाटीने उजेडात आणली. परंतु त्या साधनांवर वाङ्मयीन मूल्यमापनाची जी इमारत उभी राहावयास हवी होती ती पुरतेपणी उभी राहिली, असे म्हणता येत नाही. या साऱ्या परंपरेत लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’ हा एकच ग्रंथ पहिलेपणाच्या कुबडीवाचून उभा आहे. आणि चमत्कार असा की, त्याची गणना ख्रिस्ती वाङ्मयात करावयास समीक्षक थोडे कचरतात. त्याची सहजता, त्याचा विनोद, त्यातील घरगुती बोलीचा गोडवा यांची वाखाणणी होते. तो ग्रंथ कोणत्या वाङ्मयीन प्रश्नाला उत्तर देतो, हे मात्र बाजूला राहते.

तो प्रश्न या परंपरेतील प्रत्येक लेखकासमोर उभा होता. ज्याने विचारलेले नाही अशा परक्या माणसाला आपल्या अंतरीची श्रद्धा सांगावी कशी? बाजारात, वाटेवर, आगगाडीत, पाणवठ्यावर क्षणभर भेटणाऱ्या माणसाशी अशा विषयावर बोलण्याचा अधिकार कोणाला व कशाने प्राप्त होतो? धर्मशास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा कर्तव्याचा प्रश्न आहे. लेखकाच्या दृष्टीने तो संवादरचनेचा आहे, कारण ज्या संवादात एकाला सर्व काही ठाऊक आहे आणि दुसऱ्याला केवळ होकार भरावयाचा आहे तो संवाद कागदावर तरी जिवंत राहत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात या व्यवहारासाठी दोन शब्द आढळतात. एक ‘उपदेश’ आणि दुसरा ‘साक्ष’. ते पुष्कळदा एकाच अर्थी वापरले जातात, पण त्यांची कुळे अगदी भिन्न आहेत. उपदेश हा गुरुशिष्यपरंपरेतला शब्द. त्यात बोलणाऱ्याचे आसन उंच असते. साक्ष हा न्यायालयातला शब्द होय. साक्षीदाराने स्वतः जे पाहिले वा ऐकले तेवढेच सांगावयाचे असते. ऐकीव मजकूर त्याने सांगितला तर तो ग्राह्य धरला जात नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, साक्षीदाराला उलटतपासणीस सामोरे जावे लागते. त्याच्या शब्दांनी ज्याचे हिताहित होणार त्या पक्षाला त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. मराठी ख्रिस्ती गद्यातील धर्मनिवेदनाच्या प्रसंगांना हीच कसोटी लावून पाहिली असता या वाङ्मयाचा एक निराळा क्रम दिसू लागतो, आणि त्यात पहिलेपणाला फारसे मोल उरत नाही.

जाहीर वादविवाद या परीक्षेतून लवकर बाजूला काढावे लागतात. डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा १८३१ चा वाद, किंवा १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी केलेले साप्ताहिक वाद, ही एकोणिसाव्या शतकातील वैचारिक जागृतीची अव्वल साधने होत. त्यांत उत्तर आहे, प्रत्युत्तर आहे, क्वचित चातुर्यही आहे. परंतु तेथे परस्पर परके असलेले दोन मनुष्य भेटत नाहीत. दोन पक्ष भेटतात, आणि दोघांचेही लक्ष समोरच्या माणसाकडे नसून सभोवतालच्या गर्दीकडे असते. प्रतिपक्षाचे मन वळावे अशी अपेक्षा कोणाचीच नसते. वादाचे हे वाङ्मय विचारांच्या इतिहासाचे आहे, चरित्राचे नव्हे. समुद्रकिनाऱ्यावरील त्याच वादांत भाग घेणारे जॉर्ज बोवेन हे १८४८ मध्ये मुंबईत आले, थोड्याच काळात मिशनचे वेतन त्यांनी सोडले आणि १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते शहरातल्या रस्त्यांवर साध्या राहणीत भेटेल त्याच्याशी बोलत राहिले. त्या चाळीस वर्षांतील अनाम भेटींची नोंद वादाच्या पुस्तकात कशी असणार? मुद्रणाला पकडता आले ते व्यासपीठ. वाट तेवढी निसटली.

‘यमुनापर्यटन’ मात्र सर्वस्वी वाटेवर घडते. ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे त्याचे उपशीर्षकच त्याचा हेतू सांगून टाकते. मिशनशाळेत शिकलेली यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात, ठिकठिकाणी विधवा त्यांना भेटतात, आपापली कहाणी सांगतात, आणि यमुना त्यांचे सांत्वन करता करता ख्रिस्ती श्रद्धेचे बोल त्यांच्या कानी घालते. रचनेच्या दृष्टीने ही कल्पना फार नामी आहे. घराबाहेर पडलेली शिकलेली स्त्री आणि घरात कोंडलेली विधवा यांची क्षणिक भेट, ही १८५७ च्या मराठी समाजातील खरी परक्यांची भेट होती. दोघी एका भाषेच्या, कित्येकदा एका जातीच्या, तरीही एकमेकींना सर्वथा परक्या. पदमनजींनी ही जागा हेरली याबद्दल त्यांच्या प्रतिभेला मान द्यावाच लागेल.

परंतु त्या जागेचे त्यांनी काय केले? विधवा बोलते तोवर कादंबरी जिवंत असते. केशवपनाची भीती, सासरचा जाच, अन्नाला महाग झालेले आयुष्य यांची वर्णने ऐकून लिहिलेली वाटतात, रचलेली वाटत नाहीत. यमुना बोलू लागली की श्रोत्री नाहीशी होते. तिला शंका येत नाही. आली तर ती उत्तराच्या सोयीसाठी आलेली असते. “तुझे ऐकून मी उद्या कोठे जाऊ?” हा प्रश्न तिच्या जागी असलेल्या कोणत्याही बाईने प्रथम विचारला असता, आणि कादंबरीतील भेटींत तोच मुख्यत्वे अनुच्चारित राहतो. यमुना पुढल्या मुक्कामाला निघून जाते. विधवा तेथेच राहते. प्रवासवर्णनाच्या बांधणीचा हा दोष आहे असे कोणी म्हणेल, पण तो दोष बांधणीचा नसून भूमिकेचा आहे. लेखकाने यमुनेला साक्षीदार न करता उपदेशक केले आहे. याला पुरावा कादंबरीच्याच उत्तरार्धात मिळतो. विनायक मरण पावतो, यमुना स्वतः विधवा होते, आणि जे ती इतरांना सांगत आली तेच तिच्यावर येऊन आदळते. पती जिवंत असताना जी श्रद्धा दोघांनी मनातच ठेवली होती ती आता तिला उघडपणे पत्करावी लागते. येथून पुढे यमुनेच्या बोलण्याला वजन येते, कारण आता ती स्वतःचे सांगत आहे. दुर्दैवाने तोवर ग्रंथ संपत आलेला असतो, आणि लेखक तिचा पुनर्विवाह करून देऊन मोकळा होतो.

पदमनजींच्या आत्मचरित्रात हा दोष पुष्कळच कमी आहे. १८३१ मध्ये बेळगावी जन्मलेला आणि १८५४ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतलेला हा तरुण मधल्या काळात परमहंस मंडळीतही वावरत होता. ख्रिस्ती मताकडे ओढा आणि ते उघड करण्याची भीती यांच्या कात्रीत त्याने कित्येक दिवस काढले. ‘अरुणोदय’मध्ये ही चालढकल प्रांजळपणे नोंदली आहे. ज्याने स्वतः इतके दिवस ऐकून न ऐकल्यासारखे केले तोच लेखक यमुनेच्या श्रोत्यांना इतक्या झटपट कसे मान डोलवावयास लावतो, याचे आश्चर्य वाटते. कदाचित कादंबरी लिहिताना तो तेवीस-चोवीस वर्षांच्या नवदीक्षिताच्या उमेदीच्या अगदी जवळ होता, आणि आत्मचरित्र लिहिताना त्याची साठी जवळ आली होती.

या ठिकाणी भेटीच्या भौतिक परिस्थितीचा थोडा विचार करणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रात परक्याशी बोलण्याचे काही रीतिनियम आहेत आणि कोणतेही धर्मनिवेदन त्यांना ओलांडून जात नाही. पुणे जिल्ह्याच्या भोर-वेल्हे भागातील पाली हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. राजगडाचा पाली दरवाजा या गावाच्या बाजूला उघडतो, आणि गडावर जाणारी प्रशस्त वाट येथूनच चढते. अशा गावात वाटसरू हा काही अपूर्वाईचा प्राणी नसतो. परंतु तो ओट्याशी थांबून पाणी मागू लागला की, मावळातल्या काय किंवा कोकणातल्या काय, कोणत्याही गावात त्याला प्रथम विचारले जाते ते त्याचे गाव, त्याचे आडनाव, त्याची सोयरीक. परक्याला ओळखीच्या जाळ्यात कोठेतरी बसविल्यावाचून संभाषण पुढे सरकत नाही, आणि पूर्वी पाणी वरून ओतावयाचे की भांड्यात द्यावयाचे याचा निर्णयही याच उत्तरांवर होत असे. म्हणजे परका माणूस आपल्या श्रद्धेबद्दल एक अक्षर बोलण्यापूर्वीच त्याच्याविषयीचा निकाल लागून गेलेला असतो. घोड्यावरून येऊन चावडीपुढे उभ्या राहणाऱ्या गोऱ्या पाद्र्याचे भाषण ऐकावयास गर्दी जमत असेल. पण ती गर्दी एका निकालात काढलेल्या माणसाचे भाषण ऐकत असे.

पाणी मागण्याच्या या प्रसंगाला ख्रिस्ती शास्त्रात एक प्रसिद्ध समांतर आहे. योहानकृत शुभवर्तमानात येशू विहिरीशी आलेल्या शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो, आणि ती स्त्री पहिला आक्षेप घेते तो नेमका हाच : तुम्ही यहूदी असून माझ्या हातचे पाणी कसे मागता? या प्रसंगाचे वाङ्मयीन मर्म असे आहे की, देणारा आधी मागणारा होतो. बोलणाऱ्याची गरज प्रथम उघडी पडते, आणि ऐकणारीला नकार देण्याची संधी मिळते. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प आणि रथातून जाणारा हबशी अधिकारी यांची भेट अशीच आहे. फिलिप्पाचे पहिले वाक्य प्रश्न आहे. रथात येऊन बसण्याचे आमंत्रण वाटसरूकडून येते. आणि भेट संपल्यावर दोघे पुन्हा कधी भेटल्याचा उल्लेख नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या उगमाशीही ही रीत आहेच. फादर स्टीफन्सच्या १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या प्रारंभी एक नवदीक्षित ब्राह्मणच पाद्रीला विचारतो की, आम्हांला वाचावयास पूर्वीच्या पुराणांसारखे काही का नसावे. ग्रंथ उत्तरादाखल अवतरतो. अडीचशे वर्षांनी आलेल्या ‘यमुनापर्यटना’ला हा साधा शिष्टाचार का साधला नाही, हे पाहण्यासारखे आहे. छापखान्याच्या आणि शाळेच्या जोरावर मधल्या काळात उपदेशकाला विचारले जाण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते, असा तर्क करावयास हरकत नाही.

नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातील आगगाडीचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. तो टिळकांनी स्वतः सांगितलेला असून त्यांच्या चरित्रांतून वारंवार येतो. १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. ते त्या वेळी तिशी ओलांडलेले, संस्कृतज्ञ, कवी, जातिभेदाला विटलेले आणि स्वतःच एखादा नवा धर्म स्थापावा काय अशा विचारात पडलेले गृहस्थ होते. डब्यात एक युरोपियन बसलेला होता. त्या काळी अशा डब्यात शिरणाऱ्या एतद्देशीय प्रवाशाची जी अपेक्षा असे ती फोल ठरली. त्या गृहस्थाने हसून जागा करून दिली. बोलणे निघाले ते काव्याबद्दल, संस्कृत साहित्याबद्दल. पुष्कळ वेळाने ख्रिस्ताविषयी टिळकांचे मत काय आहे असे त्याने विचारले. मत चांगलेच होते. मग त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली, वाचण्याचे वचन घेतले, आणि हे पुस्तक मनःपूर्वक अभ्यासाल तर तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकित केले. टिळकांना हे भाकित अगोचरपणाचे वाटले. परंतु वचन दिले होते म्हणून, पेन्सिलीने खुणा करीत, ते वाचू लागले. आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाचे नाव टिळकांनी विचारले नव्हते, आणि त्यानेही त्यांचे विचारले नव्हते.

मिशनच्या प्रकाशनांत या प्रसंगाला भाकित खरे ठरल्याच्या चमत्काराचे रूप आले, आणि त्यामुळे त्यातील सर्वांत बोलका भाग झाकला गेला. तो भाग म्हणजे आगगाडीचा डबा. पालीसारख्या गावाच्या ओट्यावर जे घडू शकत नाही ते डब्यात घडू शकते. डबा कोणाच्याच मालकीचा नसतो. तेथे यजमान नाही आणि पाहुणाही नाही. गाव, आडनाव, सोयरीक यांचे प्रश्न टळतात, किंवा विचारले तरी त्यांना परिणाम नसतो, कारण पुढल्या स्टेशनावर दोघांच्या वाटा वेगळ्या. नाव विचारले गेले नाही ही गोष्ट चरित्रकारांना विलक्षण वाटली. वास्तविक तीच या संवादाची अट होती. मात्र जागा करून देणारा गोरा होता आणि जागा मिळाल्याचे आश्चर्य वाटणारा काळा होता, हे विसरून चालणार नाही. त्या काळच्या रेल्वेत सामान्य सौजन्यालाही राजकीय अर्थ असे. ते सौजन्य एखाद्या मराठी सहप्रवाशाने दाखविले असते तर टिळकांनी ते इतके लक्षात ठेवले असते काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

दुसरी गोष्ट पुस्तकाची. प्रवाशाने वाद घातला नाही. तो पुस्तक देऊन निघून गेला, आणि पुढचे सारे काम एकांतात, हातात पेन्सिल घेऊन बसलेल्या वाचकाने केले. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तर पहिल्या पायरीला माणूसही नव्हता. सिलचर येथे पतीच्या पुस्तकांत सापडलेली लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत हा त्यांचा आरंभ होय. समजावून सांगणारा मिशनरी नंतर भेटला, आणि बाप्तिस्मा तर १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला. याच रमाबाईंनी पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावी स्वतः मूळ भाषा शिकून बायबलचे भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, यात संगती आहे. ज्याला पुस्तकाने गाठले त्याचा भरवसा पुस्तकावर. दोघेही संस्कृत परंपरेतले वाचक होते हेही ध्यानात घ्यावे. ग्रंथ हाती आला की त्याच्याशी कसे झगडावे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. निरक्षर माणसाला आगगाडीत पुस्तक दिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न या दोन्ही कथांच्या कक्षेबाहेर राहतो.

परंतु येथपर्यंत आगगाडीची कथा एकाच पक्षाच्या तोंडची आहे. सांगणारा स्वतः बदललेला आहे. तो त्या बदलाच्या बाजूनेच बोलणार. उलटतपासणी अजून व्हावयाची आहे. ती करण्याचा हक्क ज्या व्यक्तीला सर्वांहून अधिक होता ती त्या डब्यात नव्हती.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षे होऊन गेली होती आणि लक्ष्मीबाईंच्या आयुष्याची थोडीच वर्षे उरली होती. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या. ग्रंथाचे केंद्र त्या डब्यात नाही. ते घरी आहे. डब्यातील काही तासांच्या संभाषणाने जे सुरू झाले त्याचा निरोप एका बाईला पोचतो, तिच्या पदरी लहान मुलगा असतो, आणि तिचा नवरा जिवंत असूनही तिला नाहीसा झालेला असतो. धर्मांतरानंतरचे ते दिवस, पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने काढलेला काळ, नातलगांची माया आणि त्या मायेतलाच जाच, टिळकांची येणारी पत्रे, हे सारे लक्ष्मीबाईंनी कसलाही निष्कर्ष न काढता लिहिले आहे. विनोद येथेही त्यांना सोडत नाही, पण तो दुःखाला झाकीत नाही. आपल्याच तेव्हाच्या वेडेपणाकडे त्या इतक्या अंतरावरून पाहतात की, वाचकाला हसू येते आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते.

या भागात लक्ष्मीबाई आगगाडीतील प्रवाशाला दोष देत नाहीत, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांचा राग आहे तो टिळकांवर, आणि तोही धर्म बदलला म्हणून जितका आहे त्याहून न सांगता केले म्हणून अधिक आहे. धर्मांतराच्या आधीच्या भागांत टिळकांच्या न सांगता निघून जाण्याच्या सवयीचे किस्से एकामागून एक येतात. वाचक त्यांना हसतो आणि पुढे जातो. धर्मांतराच्या प्रसंगी ते सगळे किस्से एकदम परत येतात आणि त्यांचा अर्थ पालटतो. ही रचना हेतुपुरस्सर आहे की आठवणींच्या ओघाने साधली गेली, याचा निर्णय करणे कठीण आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट अगदी स्पष्ट होते. परक्याने परक्याला श्रद्धा सांगितली आणि ऐकणाऱ्याने ती आपल्याच माणसाला सांगितली नाही. अनोळखी प्रवाशाने वाट मोकळी ठेवून जो प्रश्न विचारला तोच प्रश्न, तितक्याच अदबीने, टिळकांनी स्वतःच्या पत्नीला विचारला नाही. बाहेरच्या माणसाशी आदराने बोलणे सोपे असते; घरच्या माणसाशी तसे बोलावे हे त्या पिढीच्या पुरुषाला सुचतच नसे. सुशिक्षित सुधारकांच्या चरित्रांतही याची उदाहरणे कमी नाहीत, आणि तेथे मिशनऱ्यांचा काही संबंध नव्हता.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा पालट ‘स्मृतिचित्रां’त कसा येतो हे पाहिले म्हणजे ही उलटतपासणी पुरी होते. ग्रंथाच्या पहिल्या भागात त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे, आणि मराठी गद्यात विटाळाच्या वेडाचे इतके हास्यास्पद व इतके भीषण चित्र दुसरे नाही. धान्य, मीठ, माणसे, सारेच धुवावयास लावणाऱ्या त्या घरात वाढलेली मुलगी पुढे नवऱ्याकडे परत जाते तीही आपले सोवळे बरोबर घेऊन. त्या काळात तिच्याशी धर्मावर बोलणाऱ्यांची वाण नव्हती. ते बोलणे तिने ऐकले, त्यातले काही पटले, काही हसण्यावारी नेले. शेवटी जात देवाने केली की माणसाने, हा एक प्रश्न तिने आपल्याच मनाशी धसास लावला, ती माणसाने केली असे तिला पटले, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास तिने हरकत मानली नाही. बाप्तिस्मा पुढचा. शोमरोनी स्त्रीच्या विहिरीवरचा आक्षेप येथे उलट्या दिशेने सुटलेला आहे : पाणी मागणाऱ्याने नव्हे, पाणी नाकारणारीनेच तो सोडविला.

पदमनजींच्या विधवा आणि लक्ष्मीबाई यांच्यातील अंतर येथे मोजता येते. १८५७ च्या कादंबरीतील श्रोत्रीला उपदेश मिळतो आणि ती कथेतून नाहीशी होते. लक्ष्मीबाई ही त्या श्रोत्रींपैकीच एक असून तीच लेखिका झाली आहे. ती विचारते, अडवते, रुसते, चेष्टा करते, चार-पाच वर्षे उत्तर देत नाही, आणि जेव्हा देते तेव्हा ते तिचे स्वतःचे असते. ज्यांनी ‘स्मृतिचित्रां’ना धर्मनिरपेक्ष जीवनचित्रण मानले त्यांची येथे थोडी फसगत झाली आहे. धर्माविषयी आग्रही विधान नसणे हा त्या ग्रंथाचा धर्मापासूनचा दुरावा नव्हे. साक्ष देणाऱ्याची ती मर्यादा आहे. जे पाहिले नाही ते लक्ष्मीबाई सांगत नाहीत. अर्थात याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. बाप्तिस्म्यानंतरच्या भागांत, विशेषतः मिशनच्या आवारातील दैनंदिन जीवनाच्या वर्णनांत, हा ताण सैल होतो आणि किस्सा किस्स्यासाठी सांगितला जातो. ग्रंथाचे चारही भाग एकाच मोलाचे आहेत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

टिळकांच्या उत्तरायुष्यावर या साऱ्याचा परिणाम झाला की नाही, हे त्यांच्या कृतींवरूनच पाहावे लागते. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघडपणे मानीत. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन आणि भजन रूढ करण्याचा यत्न केला. अनोळखी श्रोत्यांसमोर देवाचे नाव घेण्याची जी पद्धत वारकरी परंपरेने महाराष्ट्राला आधीच दिली होती तिच्यावर त्यांचा चौपाटीवरील वादांपेक्षा अधिक भरवसा होता. कीर्तनकार उभा असतो, तो ताल धरतो, श्रोते टाळ्या देतात, आणि पटले नाही तर उठून जातात. उपदेशाचे आसन तेथे पुष्कळच खाली येते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्तशिष्यांचा एक मेळा उभारू पाहिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही होती. मिशनच्या वर्तुळात या कल्पनेविषयी अस्वस्थता होती, आणि ती अनाठायी नव्हती. मंडळीची कुंपणे अशी सैल झाल्यावर मंडळी कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न खरा होता. परंतु आगगाडीत ज्याला कोणी नाव न विचारता जागा दिली होती त्या माणसाने उभारलेल्या दरबाराचे दार असे असावे, यात नवल नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मृत्यू पावले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. पहिले काही अध्याय टिळकांचे आहेत. बाकीचे, म्हणजे ग्रंथाचा फार मोठा भाग, लक्ष्मीबाईंनी रचून तो पुरा केला. पतीने आरंभिलेले काम पत्नीने भक्तीने तडीस नेले, असे त्याचे वर्णन प्रस्तावनांतून आणि चरित्रांतून केले जाते. दोघांच्या अध्यायांची शेजारी शेजारी ठेवून, विशेषतः ख्रिस्ताशी रस्त्यात, विहिरीवर, घराच्या दाराशी बोलणाऱ्या परक्या स्त्रियांच्या प्रसंगांपुरती, तुलना केली तर त्या वर्णनात दुरुस्ती करावी लागेल, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे. हे काम मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे आहे.